१७ सप्टेंबरची नळदुर्ग राइड: आधी आपापल्या गाडीला हात लावा

देवगिरीकर

मंडळी, यंदा १७ सप्टेंबरला नळदुर्गला जायचं ठरतंय. मुक्तिसंग्राम दिनाला दुचाकीवरून जावं असं याहून योग्य ठिकाण मला सुचत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या, तेव्हा पहिली झुंज याच नळदुर्गापाशी झाली. चार दिवसांत निजाम शरण आला. त्यात बोरी नदीवरचा तो बांध, बांधाच्या पोटातला पाणीमहाल आणि पाऊस मनासारखा झाला असेल तर नर-मादी धबधबे. किल्ला घाईत बघण्यासारखा नाही, म्हणून मुक्काम तुळजापूरला करू.

संभाजीनगरहून रस्ता सरळ आहे: पाचोड, शहागड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर आणि तिथून नळदुर्ग. एका बाजूनं साधारण ३०० किलोमीटर. पहाटे निघून, मधे नीट विसावा घेत, संध्याकाळी उजेड असताना तुळजापुरात पोचायचं. किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता मुद्द्याचं. हा धागा रस्त्यासाठी कमी आणि गाड्यांसाठी जास्त काढलाय. माझी एकच अट आहे: येणाऱ्या प्रत्येकानं निघण्याआधी स्वतःच्या गाडीची चेन, टायर, वायरी आणि ऑइल स्वतःच्या हातानं बघितलेलं असावं. 'गॅरेजला टाकली होती' हे उत्तर चालणार नाही. सर्व्हिसिंग जरूर करून घ्या, पण त्यानंतर स्वतः खाली बसून एकदा बघा. कारण एक गाडी बंद पडली की पंधरा गाड्या हायवेच्या कडेला थांबतात. मागून ट्रक येत असतात, कुणी रस्ता ओलांडून चहाला जातं, कुणी टॉर्च शोधतं. अख्ख्या राइडमधला सगळ्यात धोक्याचा वेळ तो असतो, घाटातली वळणं नव्हे. आणि बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: सैल चेन, तुटत आलेली क्लच वायर, हवा नसलेला टायर. ही सगळी घरच्या अंगणात आठवडाभर आधी दिसतात.

अनुभवी लोकांनी आपापल्या विषयावर सविस्तर लिहावं ही विनंती.

मांजराकाठ

लातूरचे आम्ही सहा-सात जण येऊलालोत. तुमच्यात येडशीला सामील व्हावं की औसामार्गे थेट तुळजापूर गाठावं, तेवढं सांगा. मुरूड-ढोकी-येडशी रस्ता आम्हाला पाठ आहे, पण औशाचा हायवे मोठा आणि मोकळा आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. सप्टेंबरात आपल्याकडं मूग-उडदाची काढणी झालेली असते, सोयाबीनही काही ठिकाणी निघायला लागतं. आतल्या रस्त्यांवर लोक डांबरावरच शेंगा वाळत घालतात. त्यावरून गाडी घालू नका, आणि अर्धा रस्ता अडवला म्हणून कुणाशी हुज्जतही घालू नका. त्यांच्या वर्षाचं पीक आहे ते. दुसरं म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाची काळी माती फाट्याफाट्यावर डांबरावर सांडलेली असते. वाळलेली असली तर काही नाही, पण सरीचा शिडकावा झाला की ती साबणासारखी होते. अशा पट्ट्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही. आधीच वेग उतरवून सरळ निघून जायचं.

जालनेकर

जालन्याहून मी आणि एक मित्र. समृद्धीवरून झटक्यात संभाजीनगरला येतो आणि तुमच्याबरोबर निघतो. चालेल ना?

देवगिरीकर

नाही चालणार. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, रिक्षांनाही नाही. आणि तुम्हाला उलटं संभाजीनगरला यायचं कारणही नाही. जालना-अंबड-वडीगोद्री करा, शहागडच्या अलीकडे धुळे-सोलापूर हायवेला लागाल. आम्ही तुम्हाला वडीगोद्रीलाच घेतो.

मांजराकाठ, तुम्ही औसामार्गेच या. दोन गट एकत्र करायला येडशीचा फाटा अडचणीचा आहे. तुळजापूरला मुक्कामीच भेटू.

जुना फिटर

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच्या आसऱ्यानं त्या पट्ट्यात सुट्या भागांची वर्कशॉपं उभी राहिली, त्यातल्या एकात माझी उमेदीची वर्षं गेली. आता घरीच पोरांच्या गाड्या बघतो. चेनबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त हेळसांड तिचीच होते.

आधी धोक्याची सूचना. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिलेत. फडकं स्प्रोकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, गेलं की त्यामागोमाग बोटं जातात. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद आणि किल्ली खिशात. चाक हातानं फिरवायचं. याला दुसरा पर्याय नाही.

चेन धुवायला पूर्वी रॉकेल वापरायचो. आता रॉकेल मिळत नाही, तर डिझेल चालतं किंवा बाजारातलं चेन क्लीनर घ्या. पेट्रोल नको. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या सांध्यात रबरी रिंगा असतात, त्या आतलं ग्रीस धरून ठेवतात. पेट्रोलनं त्या कडक होतात, तारेच्या ब्रशनं फाटतात. एकदा रिंग गेली की चेन आतून कोरडी पडते आणि वरून कितीही ऑइल घाला, उपयोग नाही. म्हणून नरम ब्रश, जुना दात घासायचा ब्रशही चालतो. घाण सुटली की कोरड्या कापडानं पुसायची, वाळू द्यायची.

मग वंगण. चेन ल्यूबचा स्प्रे असेल तर उत्तम, नसेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल घ्या. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल चेनला लावू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो. वंगण चेनच्या आतल्या बाजूनं, खालच्या पट्टीवर लावायचं म्हणजे फिरताना ते बाहेर सरकत सांध्यात जातं. थोडं फिरवून आलेली कोमट चेन वंगण चांगलं ओढते. लावल्यावर लगेच निघू नका. रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी जास्तीचं पुसून टाका. नाहीतर सगळं रिमवर आणि टायरवर उडतं, वर आपली धूळ त्यावर बसून घासणीची पेस्ट तयार होते. साधारण दर ५०० किलोमीटरला हे करायचं, आणि भर पावसात गाडी चालली तर घरी आल्यावर लगेच.

ढील. खालच्या पट्टीच्या मध्यावर बोटानं वर-खाली करून बघायचं. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर असतं, पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर बघा. गाडी स्टँडवर हवी की चाकावर, तेही तिथंच दिलेलं असतं. एकाच जागी मोजू नका, चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. जिथं सगळ्यात ताठ लागेल तिथं ढील धरायची. काही ठिकाणी ताठ आणि काही ठिकाणी लोंबती असेल तर चेनसेट बदलायची वेळ झाली. बदलताना पुढचं-मागचं स्प्रोकेट आणि चेन तिन्ही एकदम. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, जुने दाते नवी चेन खाऊन टाकतात.

ॲडजस्ट करताना मागच्या एक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा आणि स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडं जुळल्याची खात्री करा. नट घट्ट झाल्यावर ढील परत मोजा, कारण नट आवळताना ती हमखास बदलते. मागचा ड्रम ब्रेक असेल तर त्याचा प्लेही (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) बघा, चाक मागं सरकलं की तोही बदलतो. आणि एक लक्षात ठेवा, फार ताठ चेन सैल चेनपेक्षा वाईट. मागं माणूस बसला, खड्ड्यात चाक वर आलं की ताठ चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते.

चाकावरची

फिटर काका, फार उपयोगाचं लिहिलंत. नांदेडहून आम्ही दोघी येतोय, दोघींच्या १२५ सीसी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरकरांना गाठू. माझी गाडी अजून वॉरंटीत आहे. घरी हात लावला तर वॉरंटी जाते, असं शोरूमवाले बोलतात. खरं आहे का?

जुना फिटर

ताई, चेन साफ करणं, हवा बघणं, क्लचच्या वायरीला ऑइल देणं ही कामं गाडीच्या पुस्तिकेतच मालकासाठी लिहून दिलेली असतात. त्यानं वॉरंटी जायचं कारण नाही. ठरलेल्या सर्व्हिसिंग मात्र वेळेवर त्यांच्याकडेच करा आणि पावत्या जपा. इंजिन ऑइल वॉरंटी संपेपर्यंत तिथंच बदला. वायरिंग कापून जादा दिवे जोडले तर मग वाद होऊ शकतो, ते टाळा.

बालाघाट

बीडकडून चार गाड्या. मांजरसुंब्याचा घाट आमच्या दारातला, त्यामुळे ताफा कसा चालवायचा त्यावर मी लिहितो.

सरळ रस्त्यावर एक डावीकडं, पुढचा उजवीकडं अशी नागमोडी रांग. बरोब्बर समोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. समोरचा मैलाच्या दगडापाशी गेला की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा, त्याआधी तुम्ही तिथं पोचलात तर जवळ आहात. ओल्या रस्त्यावर हे अंतर दुप्पट. घाट, अरुंद पूल आणि गावातली गर्दी आली की एकेरी रांग, त्यात चर्चा नाही. दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही.

पुढं रस्ता माहीत असणारा आणि डोकं शांत असणारा. सगळ्यात मागं अवजारांची पिशवी, प्रथमोपचाराची पेटी आणि बऱ्यापैकी मेकॅनिकी येणारा माणूस, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. नवे चालक पुढच्याच्या लगेच मागं. लोक नव्यांना शेवटी ठेवतात आणि तिथंच चुकतं: शेवटच्याला ताफा पकडायला सतत पळवावं लागतं. वळणावर प्रत्येकानं आपल्या मागच्याला आरशात बघायचं. तो दिसेपर्यंत वळायचं नाही. एवढं पाळलं तर कुणी हरवत नाही आणि कुणाला फोन करावा लागत नाही.

पंधरा गाड्या एका रांगेत मला पटत नाही. ट्रकवाल्याला ओव्हरटेक करता येत नाही, मग तो मधे घुसतो. पाच-सहाचे गट करा, गटागटांत चांगलं अंतर ठेवा, भेट फक्त ठरलेल्या थांब्यांवर.

सुसाट

सगळं ठीक आहे, पण १२५ च्या गाड्यांबरोबर ३०० किलोमीटर म्हणजे ६० च्या वेगानं दिवसभर. माझी ४०० सीसी आहे, हायवे चौपदरी आहे. मोठ्या गाड्यांचा वेगळा गट काढा, आम्ही पुढं जाऊन तुळजापुरात थांबतो.

चाकावरची

सुसाट दादा, माझी गाडी हायवेवर ७० नं आरामात चालते. तेवढ्यानं दिवसाउजेडी पोचता येतं, मधे दोन चहा आणि एक जेवण धरून.

मला वेगापेक्षा थांब्यांची काळजी जास्त आहे. थांबे असे ठरवा की जिथं बायकांना जाण्यासारखं स्वच्छतागृह असेल. हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही पेट्रोल पंपावर मोफत मिळायची सोय आहे, मागायला लाजू नका. कुलूप असेल तर किल्ली मागा. आणि पंपावर थांबलोच आहोत तर हवाही तिथंच बघून होते.

देवगिरीकर

सुसाट, वेगळा गट काढणार नाही. ताफ्यात सगळ्यात लहान गाडीचा वेग तोच सगळ्यांचा वेग, सगळ्यात लहान टाकी तीच पेट्रोलच्या थांब्यांची मोजणी. एकट्यानं वेगात जायचं असेल तर तुम्ही कधीही जाऊ शकता, रस्ता तुमचाही आहे. पण ज्या दिवशी सगळे मिळून निघतो त्या दिवशी सगळे मिळून पोचायचं. तुम्ही याल तर मला मनापासून आनंद होईल, तुमच्याकडं टायरचा पंप आणि पंक्चर किट दोन्ही आहे हे मला माहीत आहे. शेवटच्या माणसाची जबाबदारी घ्याल का?

चाकावरची ताई, थांबे तुम्ही आणि बालाघाट मिळून ठरवा.

सुसाट

बरं. मागं राहतो.

मग टायरचं मीच लिहितो. हवा सकाळी थंड टायरात बघायची, आकडा चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत असतो. मागं माणूस आणि सामान असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो धरा. दुपारी तापलेल्या टायरातली हवा जास्त दिसते म्हणून सोडून देऊ नका, तो दाब थंड झाल्यावर उतरतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२१ असेल तर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी रबराला बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर या राइडला आणू नका.

ट्यूबलेसवाल्यांनी पट्टीचं पंक्चर किट घ्या आणि एकदा घरी जुन्या टायरवर हात बसवा. रीमर (पंक्चरचं भोक साफ करायची टोकदार सळई) घुसवायला जोर लागतो, पहिल्यांदाच रस्त्यावर केलं तर पट्टी तुटते. बाजूच्या भिंतीला छेद गेला असेल तर पट्टी मारून लांब जायचं नाही. ट्यूबवाल्यांनी एक ट्यूब, टॉमी (टायर रिमवरून उचकटायची पट्टी) आणि चाकाच्या नटाचा पाना ठेवा. बऱ्याच गाड्यांच्या किटमधला पाना मागच्या नटाला पुरत नाही, आधी लावून बघा.

मांजराकाठ

आमच्यातल्या एकाची जुनी कार्बोरेटरची गाडी आहे, महिना-दीड महिना उभीच होती. चालू होते पण मिसिंग मारते. काय बघावं?

जुना फिटर

कार्बोरेटरच्या भांड्याखाली निचऱ्याचा स्क्रू असतो. बाटली धरून जुनं पेट्रोल काढून टाका, विस्तव लांब ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. गाडी उभी राहिली की भांड्यात पाणी आणि चिकटा साचतो. नवं पेट्रोल भरून बघा. मग थंड इंजिनवर प्लग काढा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर बरं, कोरडं काळं काजळ असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय, पांढरंफटक असेल तर गाडी गरम चालतेय. प्लग बसवताना आधी बोटानं आटे धरू द्या, पाना शेवटी. हेडमधले आटे गेले तर काम मोठं आहे.

एअर फिल्टरही त्याच वेळी काढा. आपल्या धुळीत कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरपेक्षा तो लवकर तुंबतो. स्पंजाचा असेल तर धुवून, वाळवून, हलकं ऑइल देऊन बसवता येतो. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारता येते. पण हात लावल्यावर तेलकट लागणारा कागदी फिल्टर असेल तर त्याला हवा मारायची नाही, धुवायचाही नाही. तो सरळ बदलायचा.

आणखी एक. गाडी धुतल्यावर वॉशिंग सेंटरवाले चकाकीसाठी वरून डिझेलचा फवारा मारतात. त्यांना स्पष्ट नको म्हणा. ते टायरवर आणि डिस्कवर बसतं आणि पहिल्याच ब्रेकला गाडी सरकते.

जालनेकर

ऑइल बदलायचंय. कारचं पाच लिटरचं चांगलं सिंथेटिक घरी पडून आहे, ते चालेल का?

जुना फिटर

नाही. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरतो. बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए टू' लिहिलेलं बघून घ्या, ग्रेड पुस्तिकेत असेल तीच. गाडी पाच मिनिटं फिरवून ऑइल कोमट झाल्यावर काढा, निचऱ्याच्या बोल्टचा वॉशर नवा टाका, आणि बोल्ट पायानं दाबून आवळू नका. ॲल्युमिनियमचं अंग आहे, आटे लगेच जातात.

बालाघाट

वायरी राहिल्या. क्लच वायरीची लिव्हरकडची गोळी बघा, एखादा जरी तार सुटलेला असला तर नवी टाका. जुनी काढण्याआधी नवी तिच्याच वाटेनं बाजूनं ओवून घ्या म्हणजे वाट चुकत नाही. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले हवा. फ्यूजचे दोन जादा तुकडे सीटखाली ठेवा. ज्यांच्या गाडीला किक नाही त्यांनी बॅटरी तपासून घ्या. फ्यूएल इंजेक्शनवाल्यांनी टाकी तळाला नेऊ नये, पंप पेट्रोलनंच थंड राहतो.

अपघात झालाच तर १०८ आणि हायवेवर १०३३. जखमीचं हेल्मेट श्वास अडत नसेल तर ओढून काढायचं नाही. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ घातलंय, तेव्हा दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तरी थांबायचं. हेल्मेट आयएसआय खुणेचं आणि पट्टा लावलेला. मागं बसणाऱ्यालाही.

देवगिरीकर

सगळ्यांचं वाचलं, यातून पक्कं करतो. राइडच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला माझ्या अंगणात गाड्या आणा, शहरातल्यांनी सगळ्यांनीच. फिटर काका बघायला बसतील, पण पाना तुमच्याच हातात असेल. चेन खराब निघाली तर गाडी परत पाठवली जाऊ शकते, हे आधीच सांगतो: चेनसेट गेलेला असेल तर मधल्या दिवसांत बदलून या. लातूर, नांदेड आणि बीडकरांनी आपापल्या गावी हेच करावं आणि कोणती गाडी तयार आहे ते इथं लिहावं. सायलेन्सर बदललेल्या गाड्या नकोत, आपण गावागावांतून जाणार आहोत.

जालनेकर

रविवारी मीही येतो. म्हणजे वडीगोद्रीच्या आधीच आपली भेट होईल. काढलेल्या जुन्या ऑइलचं काय करायचं?

जुना फिटर

मातीत किंवा नाल्यात एक थेंबही नको. झाकणाचा डबा आणा, सगळ्यांचं एकत्र भरू. माझ्या ओळखीचा गॅरेजवाला पुढं पाठवायला जमा करतो, त्याच्याकडं नेऊन देऊ.

जालनेकर

दहा लिटरचा कॅन आहे, घेऊन येतो.